पऱ्हाटीची वीज: आपल्या वावरातल्या इंधनाबद्दल

नमस्कार मंडळी,

पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर वावरात उरलेली कपाशीची झाडं, आम्ही विकत घेऊन वीज प्रकल्पांना पुरवतो. कापसाची वेचणी आटोपली की आमच्याकडे फोन सुरू होतात. मशीन कधी येणार, हा पहिला प्रश्न. भाव काय, हा दुसरा. गेल्या दोन हंगामांपासून तिसराही येऊ लागला आहे: ही पऱ्हाटी नेऊन तुम्ही करता काय, आणि तिच्यापासून होणारी वीज कोळशाच्या विजेपेक्षा खरंच चांगली का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

पऱ्हाटीची वीज होते कशी

तुमच्या वावरातून उपटलेली पऱ्हाटी आम्ही जागेवरच बारीक करतो. तो चुरा बायोमासवरच्या, म्हणजे पिकांचे अवशेष जाळून चालणाऱ्या, वीज प्रकल्पांना जातो. काही मालाच्या कांड्या होतात, त्यांना बाजारात व्हाईट कोल म्हणतात. बॉयलरच्या भट्टीत सरकत्या जाळीवर हा माल जळतो, पाण्याची वाफ होते, ती वाफ टर्बाईन फिरवते आणि टर्बाईनला जोडलेलं जनित्र वीज देतं. चंद्रपूर-कोराडीला कोळशावर वाफेचं जे चालतं तेच, फक्त आकार लहान.

वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे चार हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. लहान प्रकल्पात त्यातली पाचव्या हिश्श्याहूनही कमी उष्णता विजेत उतरते. म्हणजे एका युनिटला साधारण सव्वा किलो पऱ्हाटी. कोरडवाहू कपाशीत एकरी एक टन धरला, तर एका एकरातून ८०० युनिट. दहा मेगावॉटचा प्रकल्प दिवसभर पूर्ण क्षमतेनं चालवायचा तर रोज ३०० टन माल लागतो, म्हणजे रोज ३०० एकर. हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण प्रकल्पाच्या भोवती अवशेष पुरेनासे झाले की नजर झाडांकडे वळते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

धूर, कार्बन आणि राख

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवलेली पऱ्हाटी नीट जळत नाही. वर ज्वाळा आणि खाली धुमसणं, असं ते चालतं. तो धूर गावावर बसतो, लहान मुलांच्या छातीत जातो. बॉयलरमध्ये तीच पऱ्हाटी जास्त तापमानाला, हवेचा पुरवठा सांभाळून जळते आणि धुरातली राख गाळणीत अडते. मात्र गाळणी बंद ठेवून चालवलेला किंवा ओला माल कोंबलेला बॉयलर धुऱ्यापेक्षा काही वेगळा नाही. चिमणीतून काळा धूर दिसला तर तो बायोमास आहे म्हणून स्वच्छ ठरत नाही.

आता कार्बनचं. पऱ्हाटीतला कार्बन तिनं याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. तुम्ही ती पेटवा किंवा कुजू द्या, तो लवकरच हवेत परत जाणार. त्याच्या बदल्यात जो कोळसा जमिनीतच राहिला, तो खरा फायदा. वाहतुकीच्या डिझेलनं हा फायदा संपत नाही का, असं एका शिक्षक ग्राहकांनी विचारलं होतं. दहा टन चुऱ्याची गाडी जाऊन-येऊन ८० किलोमीटर चालली तर २० लिटरच्या आसपास डिझेल आणि त्याचा ५० ते ५५ किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढ्या मालातून ८,००० युनिट होतात. तीच वीज कोळशावर केली तर सात-आठ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. मशीनचं डिझेल धरूनही हिशेब पऱ्हाटीच्याच बाजूचा राहतो. डिझेल मारतं ते खिशाला. सुटी पऱ्हाटी घनमीटरला शंभर किलोही भरत नाही, गाडी दिसते भरलेली आणि वजन काहीच नाही. म्हणूनच आम्ही जागेवर चुरा करतो.

आपल्याकडच्या कोळशात शंभर किलोला तीस-चाळीस किलो राख निघते, पऱ्हाटीत तीन ते पाच किलो. गंधकही अगदी कमी. पाणी मात्र या प्रकल्पांनाही लागतं. वाफ थंड करायला मनोऱ्यातून पाणी उडवलं जातं आणि उन्हाळ्यात ते कुठून येतं हा प्रश्न गावानं प्रकल्पाला जरूर विचारावा. हवेनं थंड करण्याची सोय असते, ती महाग पडते, एवढंच.

बोंडअळी

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आपल्या भागाचं काय केलं ते कोणाला सांगायला नको. ही अळी पऱ्हाटीला लटकलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत झोपून राहते. पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली की पुढच्या हंगामाचे पतंग आपणच सांभाळले असं होतं. म्हणून फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर लांबवलेलं पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर वावर मोकळं करा आणि उपटलेली पऱ्हाटी रचून ठेवण्याऐवजी लगेच बारीक करून घ्या. आमच्याकडे तारीख लांबची मिळाली तर दुसऱ्या कोणाचं मशीन बोलवा, पण गंजी जूनपर्यंत ठेवू नका.

सगळी आम्हाला देऊ नका

हे वाचून काहींना नवल वाटेल, पण आम्ही मनापासून सांगतो. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. दरवर्षी वावर झाडून नेलं तर काही वर्षांनी जमीन पाणी कमी धरते, ढेकूळ हाताला दगडासारखं लागतं. एका वावरातली पऱ्हाटी एक वर्ष आम्हाला द्या आणि पुढच्या वर्षी त्याच वावरात कुट्टी करून मातीत मिसळा. त्या कामालाही मशीन तेच, भाडं तासावर. सोयाबीनचं कुटार आम्ही घेतच नाही, ते जनावरांचं आहे.

आणखी एक. वेचणीला येणाऱ्या बाया सरपणासाठी पऱ्हाटीचे भारे नेतात. सिलिंडर भरायला पैसे नसतात त्या महिन्यात घरची चूल त्यावरच पेटते. आमची गाडी येण्याआधी त्यांचा वाटा काढून ठेवा. तो काढलेला नसेल तर आमची माणसं भरणी सुरू करणार नाहीत, हे त्यांना सांगून ठेवलेलं आहे.

ओलं लाकूड, बाभूळ, मोह, कडुनिंब आम्ही कोणत्याही भावानं घेत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं कोळशाच्या वीजकेंद्रांनी ५ टक्के बायोमास मिसळावा असं धोरण आणलं, तेव्हापासून मालाला मागणी वाढली आणि धुऱ्यावरची झाडं विकायला निघाल्याचे फोनही वाढले. पऱ्हाटीचा कार्बन पुढच्या हंगामात कपाशी परत घेते. मोहाचं झाड तोडून जाळलं तर तेवढा कार्बन परत धरायला तेवढंच मोठं झाड उभं राहावं लागतं, आणि तोवर त्या घरची मोहफुलं आणि टोळीही (मोहाच्या तेलबिया) गेलेली असते.

माल कसा असावा

तीन हंगामांपूर्वी आमच्या आवारात अवकाळी पाऊस झाला आणि आम्ही ओल्या चुऱ्याच्या ढिगावर ताडपत्री टाकली. चौथ्या दिवशी ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत चटका बसला. आंबूस वास, पांढरी बुरशी, आणि बाहेर काढताच वाफ. त्याच रात्री ढीग आतून पेटला आणि चाळीस टन माल गेला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक वावरात काडी मोडून पाहतो. कट् आवाज करून तुटली तर माल तयार. वाकून साल सोलत तुटली तर तारीख पुढे. ओल्या मालाला भावही कमी मिळतो, कारण भट्टीतली बरीच ताकद पाणी उडवण्यातच जाते.

मुळाला चिकटलेली माती झटकून टाका. पऱ्हाटीतलं पालाश (पोटॅश) आणि मातीतली वाळू भट्टीत एकत्र वितळतात आणि जाळीवर काचेसारखी काळी ढेकळं धरतात. ती फोडायला बॉयलर बंद करावा लागतो आणि त्या दिवसाचं नुकसान शेवटी भावात उतरतं. भरणीच्या वेळी तोंडाला रुमाल बांधा, बुरशीची धूळ छातीला वाईट.

राख परत हवी असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. फक्त बायोमासवर चालणाऱ्या बॉयलरची राख आणतो, कोळसा मिसळलेली आणत नाही. तिच्यात पालाश आणि चुना असतो, नत्र जळून गेलेलं असतं. चोपण (क्षारांनी घट्ट झालेल्या) किंवा खारवट जमिनीत ती टाकू नका, शेणखताच्या खड्ड्यात थोडी-थोडी मिसळलेली बरी.

गाडी येण्याच्या आदल्या दिवशी फोन येईल. वावरात ओल असेल किंवा रस्त्यात उभं पीक असेल तर तेव्हाच सांगा, तारीख बदलून देऊ. वजन तुमच्यासमोर, तुम्ही सांगाल त्या काट्यावर.