मुंगवडी

मुगाची डाळ भिजवून जाडसर वाटतात, त्यात तिखट-मीठ आणि मसाला घालून लहान वड्या टाकतात आणि त्या उन्हात कडक वाळवतात. हीच मुंगवडी. विदर्भातल्या खेड्यांत ती चैत्र-वैशाखात वर्षभराच्या बेगमीसाठी करून ठेवतात आणि गरजेनुसार रसभाजी, खिचडी किंवा चटणीत वापरतात. पश्चिम महाराष्ट्रातले सांडगे तिचे जवळचे नातलग आहेत. आले, लसूण, मिरची आणि जिरे वडीत आधीच असतात. त्यामुळे ऐनवेळी निवडणे, चिरणे, वाटणे फारसे उरत नाही आणि तासाभराच्या आत भाजी ताटात येते. पेरणी, डवरणी (कोळपणी) आणि निंदणाच्या दिवसांत घरची बाई दिवस मावळल्यावर शेतातून परतते, आठवडी बाजार चार दिवसांवर असतो आणि पावसाने भाजीपाला सडलेला असतो. वडीची खरी गरज तेव्हाच लागते. उन्हाळ्यात शेतीची कामे कमी असताना केलेले हे कष्ट खरिपाच्या घाईत उपयोगी पडतात.

हंगाम

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पारा 42 ते 45 अंशांपर्यंत जातो आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता अनेकदा 20 टक्क्यांच्या खाली उतरते. हवा इतकी कोरडी असली की वडी तीन ते चार दिवसांत आतपर्यंत वाळते. गुढीपाडव्यापासून अक्षय तृतीयेनंतरच्या आठवड्यापर्यंतचा काळ वड्यांचा. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपिटीची भीती असते, तर मे संपता संपता ढग जमू लागतात. घालायचा दिवस ठरवताना पुढचे तीन दिवस आभाळ निरभ्र राहील का, एवढे पाहावे. पहिला दिवस ढगाळ गेला तर घाणा बहुधा हातचा जातोच.

डाळ आणि प्रमाण

सालीची मूग डाळ सगळ्यांत चांगली. 1 किलो डाळीला हिरव्या मिरच्या 70 ते 80 ग्रॅम, सोललेला लसूण 50 ग्रॅम, आले 25 ग्रॅम, जिरे 10 ग्रॅम, मीठ 20 ग्रॅम, चिमूटभर हिंग आणि एक लहान जुडी सांबार घ्यावा. (विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) हिरव्या मिरचीऐवजी भिवापुरी लाल मिरचीचे तिखट घातले तर रंग चांगला येतो, पण हिरव्या मिरचीचा वास येत नाही. मीठ 20 ग्रॅमच्या पुढे नेऊ नये. रश्शात मीठ पुन्हा पडतेच. शिवाय हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढते, त्यामुळे खारट वड्या पावसाळ्यात सादळतात. सांबार धुऊन आदल्या रात्रीच कापडावर पसरून ठेवावा. ओला सांबार वाटण पातळ करतो आणि वडीत काळा पडतो.

डाळ 4 ते 5 तासच भिजवावी. वैशाखातल्या रात्री पाणी कोमट राहते. संध्याकाळी भिजत घातलेली डाळ पहाटेपर्यंत फेसाळते आणि तिला आंबूस वास येऊ लागतो. म्हणून रात्री 11 च्या सुमारास भिजत घालून पहाटे 4 ला उपसणे सोयीचे. दाणा नखाने सहज तुटला आणि मध्ये पांढरा कडक ठिपका दिसला नाही, की भिजणे पुरे झाले. मग चोळून धुवावी, वर तरंगणारी साल पाण्याबरोबर काढून टाकावी आणि पाव हिस्सा साल राहू द्यावी. सगळी साल काढली तर वडी दिसायला देखणी होते, पण भाजीत लवकर विरघळते. धुतल्यावर डाळ चाळणीत किंवा टोपलीत निदान अर्धा तास निथळत ठेवावी. ही पायरी घाईत टाळली जाते आणि पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

वाटणे आणि फेटणे

वाटताना पाणी अजिबात घालायचे नाही. पाट्यावर वाटलेली डाळ रवाळ राहते. मिक्सरमध्ये एका वेळी दोन मुठीच डाळ घ्यावी आणि थांबून थांबून फिरवावी. सलग फिरवल्यास भांडे तापते, डाळीचा लगदा होतो आणि अशी वडी वाळल्यावर दगडासारखी कठीण होते. सुमारे तीन चतुर्थांश डाळ बारीक आणि उरलेली जाड भरडी असेल तर बारीक भाग बांधून ठेवतो आणि भरड्यामुळे वडीत फटी राहतात. त्या फटींतूनच आतले पाणी बाहेर निघते आणि शिजवताना रस्सा आत शिरतो.

वाटण परातीत घेऊन हाताने 5 ते 7 मिनिटे फेटावे. फेटताना हवा मिसळते, वाटण फिकट आणि हलके होते. हात कोणत्या दिशेने फिरवावा याबद्दल घरोघरी आग्रह असतात, पण दिशेने काही बिघडत नाही. वाटीभर पाण्यात बोराएवढा गोळा टाकून पाहावा. तो तरंगला किंवा तळाला जाऊन लगेच वर आला तर फेटणे झाले. मीठ सगळ्यात शेवटी घालावे, तेही लगेच टाकायचे आहे तेवढ्याच वाटणात, कारण मीठ पडले की वाटण सैल पडते. वाटण पातळ झालेच तर त्यात बेसन घालू नये, त्याने वडी चिवट होते. थोडी भिजलेली डाळ आधीच बाजूला काढून ठेवलेली असावी, ती भरड वाटून मिसळली की पुरते.

वड्या टाकणे

वड्या सकाळी 9 च्या आत टाकून झाल्या पाहिजेत, म्हणजे पहिल्या दिवसाचे पूर्ण ऊन मिळते. बुडाशी 2 ते 2.5 सेंटिमीटर आणि उंचीला दीड सेंटिमीटरच्या आत, असा आकार ठेवावा. वडी मोठी झाली की विदर्भाचे कडक ऊनच तिला बाधते. वरचे कवच दुपारपर्यंत टणक होते, आतले पाणी कोंडून राहते आणि वाळल्यासारखी दिसणारी वडी महिन्याभराने डब्यात बुरसते. दोन वड्यांत बोटभर अंतर असावे.

खाली काय अंथरावे याला बरेच महत्त्व आहे. जुने सुती लुगडे किंवा धोतर सर्वांत बरे, कारण त्यातून खालच्या अंगानेही ओल निघते. वडी कापडाला चिकटते खरी, पण कापड उलटे धरून मागून पाण्याचा हलका हात फिरवला की सुटते. प्लास्टिकच्या कागदावरून ती सहज निघते, मात्र बूड ओले राहते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळीच उलटवावी लागते. पूर्व विदर्भात बांबूच्या तट्ट्यावर कापड अंथरतात. तट्टा बाजेवर ठेवला की खालूनही वारा लागतो, त्यामुळे हीच पद्धत सर्वांत चांगली म्हणता येईल. खताची किंवा बियाण्याची रिकामी पोती, फवारणीच्या औषधांच्या पेट्यांतले कागद आणि छापील वर्तमानपत्र कितीही झटकले, धुतले तरी यासाठी वापरू नयेत. बियाण्याला विषारी औषध चोळलेले असते आणि विणलेल्या पोत्यात राहिलेला अंश धुऊन जात नाही.

वाळवणे

पहिल्या दिवशी वड्यांना हात लावू नये. वरून पातळ मलमल किंवा जुनी ओढणी ताणून बांधावी, म्हणजे दुपारच्या वावटळीची धूळ आणि माश्या बसत नाहीत. कावळे, कोंबड्या, खारी आणि जंगलालगतच्या गावांत माकडे यांच्यासाठी राखण लागतेच. सूर्य मावळण्याआधी वड्या घरात घ्याव्यात. रात्रभर अंगणात राहिल्या तर पहाटेच्या गारव्यात पुन्हा ओल धरतात.

दुसऱ्या दिवशी बूड सुटले की प्रत्येक वडी उलटवून ठेवावी. तिसऱ्या दिवशी त्या सुपात किंवा परातीत घेऊन मधूनमधून हलवाव्यात. वाळल्या की नाही हे वरून कळत नाही, यासाठी सर्वांत मोठी वडी निवडून मोडून पाहावी. ती कट्‌कन तुटली पाहिजे आणि आतला रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. मध्ये गडद ठिपका असला किंवा वडी वाकून तुटली तर आणखी एक दिवस ऊन द्यावे. दुसरी कसोटी वजनाची, आणि ती जास्त विश्वासार्ह आहे. 1 किलो डाळीच्या पुरत्या वाळलेल्या वड्यांचे वजन साधारण 900 ग्रॅम ते 1 किलो भरते. 1 किलो 200 ग्रॅम भरले तर आत अजून पावशेराच्या आसपास पाणी आहे असे समजावे आणि डबा भरू नये.

दुसऱ्या दिवशी आभाळ आले तर वड्या पंख्याखाली पसराव्यात आणि संध्याकाळी चुलीजवळच्या उबेत ठेवाव्यात. धूर मात्र लागू देऊ नये. पहिल्याच दिवशी पाऊस आला तर वाळवण्याचा हट्ट सोडावा. ओल्या वड्या लगेच तळून किंवा वाफवून त्याच दिवशी खाव्यात. आंबून तार सुटलेल्या वड्या उन्हात टाकून सुधारत नाहीत.

साठवण

उन्हातून आणलेल्या वड्या पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नयेत. गरम वड्या भरून झाकण लावले की झाकणाच्या आतून पाणी धरते आणि त्या थेंबांजवळच बुरशी उगवते. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा किंवा काचेची बरणी घ्यावी. मातीचे मडके उन्हाळाभर ठीक, पावसाळ्यात ते ओल आत घेते. वर्षाचा साठा एकाच डब्यात न ठेवता रोजच्या वापराचा लहान डबा वेगळा ठेवावा. मोठा डबा वरचेवर उघडला तर प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते. ओला चमचा किंवा हात तर अजिबात नको.

डाळीच्या पदार्थाला कीड लागतेच. श्रावणातल्या उघडिपीत एकदा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा वड्या काळ्या पत्र्यावर पातळ पसरून 3 ते 4 तास ऊन द्यावे. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर किडे आणि त्यांची अंडी तग धरत नाहीत. घरी फ्रीज असेल तर वड्या हवाबंद पिशवीत भरून फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर 4 दिवस ठेवल्या तरी तेच साधते. बाहेर काढल्यावर मात्र त्या खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर वड्यांवर दव धरते. वाळलेली कडुलिंबाची पाने डब्यात घालण्याची चाल सर्वत्र आहे. तिचा थोडा उपयोग होतो, पण उन्हाची बरोबरी होत नाही.

हिरवी, काळी किंवा पांढरी बुरशी दिसली तर तेवढ्याच वड्या वेचून बाकीच्या ठेवू नयेत. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि ते धुण्याने, तळण्याने किंवा शिजवण्याने नाहीसे होत नाही. तो सगळा डबा टाकून द्यावा, जनावरांनाही घालू नये.

शिजवणे

चार-पाच माणसांच्या भाजीला 100 ग्रॅम वड्या आणि दोन मध्यम आलू किंवा पावशेर वांगी पुरतात. दोन मोठे चमचे तेलात वड्या मंद आचेवर 5 ते 6 मिनिटे बदामी होईपर्यंत परतून काढाव्यात. आच मोठी झाली तर बाहेरून करपतात आणि करपलेल्या डाळीचा कडवटपणा सगळ्या रश्शाला लागतो. त्याच तेलात मोहरी, कांदा, थोडे आले-लसूण, तिखट, हळद आणि धणेपूड परतून चार वाट्या गरम पाणी घालावे. उकळी फुटली की वड्या आणि आलू एकदम टाकावेत आणि झाकण ठेवून मंद आचेवर 15 ते 20 मिनिटे शिजवावे. वांगी असतील तर ती शेवटच्या 8-10 मिनिटांत घालावीत. चिंच किंवा टमाटर वडी मऊ झाल्यावरच घालावे, कारण आंबट रसात डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. वडी पाणी पिते आणि गॅस बंद केल्यावरही पीतच राहते. म्हणून रस्सा हवा त्याहून पातळ असतानाच उतरवावा. कुकरमध्ये एकच शिट्टी पुरते, दुसरीला वड्यांचे पिठले होते.

चुलीवर स्वयंपाक असेल तर वैलाच्या (चुलीला जोडलेल्या बाजूच्या तोंडाच्या) मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवलेली वडीची भाजी गॅसवरच्या भाजीपेक्षा सरस होते. वडी आतपर्यंत मुरते आणि तरीही आकार धरून राहते. निंदणाच्या दिवसांत आणखी वेळ वाचवायचा असेल तर आठवड्याच्या वड्या आधीच भाजून ठेवता येतात. त्या कोरड्याच भाजाव्यात. तेलात परतून ठेवलेल्या वड्यांना थोड्याच दिवसांत खवट वास येतो.

इतर प्रकार

बरबटीच्या (चवळीच्या) वड्यांसाठी दाणे 8 ते 10 तास भिजवून साल काढावी लागते, बाकी कृती हीच. कोहळ्याच्या वडीला 1 किलो उडदाच्या डाळीला दीड ते दोन किलो पिकल्या कोहळ्याचा पिळून घेतलेला कीस लागतो. ती बारीक वाटून भरपूर फेटतात, ती अधिक जाळीदार होते आणि वाळायला एक दिवस जास्त घेते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे लाखोळीच्या (लाख किंवा खेसारी या कडधान्याच्या) डाळीच्याही वड्या होतात. या डाळीत ओडॅप हा चेतासंस्थेला अपायकारक घटक असतो. भिजवलेले पाणी दोन-तीनदा बदलून फेकल्याने तो कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून लाखोळीची वडी कधीमधी खाण्यापुरतीच ठेवावी, वर्षभराचा मुख्य साठा मुगाचाच असावा.

डब्याच्या तळाशी उरलेला चुरा आणि मोडक्या वड्या वेगळ्या काढतात. त्या कोरड्या भाजून लसूण, लाल तिखट आणि जवसाबरोबर कुटल्या की भाकरीबरोबर खायची चटणी होते. भरड्या चुऱ्यात भरपूर कांदा परतून, पाण्याचा हबका मारून आणि झाकण ठेवून पाच मिनिटांची सुकी भाजीही होते.