लिनक्सला मॉनिटर ‘सापडत नाही’ की ‘सापडलाय, पण दिसत नाही’?

मे महिन्यात भर दुपारी भाची नागपूरच्या बर्डीवरून आणखी एक एचडीएमआय केबल घेऊन मानेवाड्याला घरी आली. “मामा, लिनक्सला मॉनिटर सापडतच नाही. ही दुसरी केबल, तरी तेच.” मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. मी केबलला हात लावला नाही. /सिस/क्लास/डीआरएम या फोल्डरात प्रत्येक पोर्टच्या नावाचा एक फोल्डर असतो, त्यात ‘स्टेटस’ नावाची फाइल असते. ती उघडली. आत एकच शब्द होता: ‘कनेक्टेड’. मॉनिटर सापडलेला होता. उन्हातली चक्कर आणि केबलचे पैसे, दोन्ही उगाच गेले, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पडदा दोन्ही वेळी सारखाच काळा असतो, म्हणून हा घोटाळा होतो. पण बिघाड वेगळ्याच ठिकाणी असतो.

‘डिसकनेक्टेड’ दिसलं, तर आधी तारेकडे पाहा. एचडीएमआयला १९ पिना असतात. कॉम्प्युटर १८व्या पिनेतून ५ व्होल्ट देतो आणि मॉनिटर १९व्या पिनेवरून ‘मी आहे’ असं कळवतो. मग १५ आणि १६ या पिनांवरून त्याची ओळख वाचली जाते. तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा पहिला तुकडा १२८ बाइटांचा असतो आणि कोणतं रिझोल्यूशन चालेल ते त्यात लिहिलेलं असतं. ही हाकच पोचली नाही, तर सेटिंगमध्ये कितीही शोधा, मॉनिटर दिसणार नाही. दुसरी केबल, दुसरं पोर्ट, दुसरा मॉनिटर, असं एकेक बदलून पाहा. जुना व्हीजीए मॉनिटर एचडीएमआयला जोडताना आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. नुसत्या तारेनं डिजिटलचं ॲनालॉग होत नाही. टाइप-सी पोर्टचंही तसंच. प्रत्येक टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर पडत नाही.

‘कनेक्टेड’ असूनही काळोख असेल, तर तारेकडे शेवटी पाहा. या शब्दाचा अर्थ मॉनिटर चालू आहे असाही होत नाही. अनेक मॉनिटरांची ओळख केबलमधून येणाऱ्या ५ व्होल्टवरच वाचता येते, मग मॉनिटरचं बटण बंद का असेना. म्हणून आधी मॉनिटरचं बटण आणि त्याच्या मेनूतला इनपुट पाहा. मग त्याच फोल्डरातली ‘एनेबल्ड’ ही फाइल वाचा. भाचीच्या लॅपटॉपवर तिथे ‘डिसेबल्ड’ होतं. याच मॉनिटरसाठी तिनं पूर्वी कधीतरी एकच डिस्प्ले निवडला होता आणि ग्नोमनं (तिच्या लिनक्सच्या डेस्कटॉपनं) ते ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’मध्ये जपून ठेवलं होतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्ही पडदे जोडले आणि मॉनिटर लागला.

पडद्यांची यादी दाखवणारी एक्सरँडआर ही कमांड बरेच जण सुचवतात. वेलँडवर (लिनक्समध्ये पडद्यावर चित्र मांडणारी नवी पद्धत) मात्र तिच्या यादीत चालू असलेलेच पडदे येतात, म्हणून नेमका हा फरक ती लपवते. मी फाइलवरच विश्वास ठेवतो.

आणि डीआरएम फोल्डरात एचडीएमआयचं नावच नसेल तर? इंटेल आणि एनव्हिडिया अशा दोन्ही ग्राफिक्स चिपा असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत ते पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. ती चिप बंद असली, किंवा सिक्युअर बूटनं (सही नसलेला कोड अडवणारी सुरक्षा) तिचा सही नसलेला ड्रायव्हर अडवला, तर पोर्ट लिनक्सला दिसतच नाही. उबंटू या लिनक्समध्ये प्राइम-सिलेक्टनं (कोणती चिप वापरायची ते ठरवणारी कमांड) ‘इंटेल’ निवडलेलं असेल, तर ‘ऑन-डिमांड’ करून रीस्टार्ट करा आणि मग पुन्हा ‘स्टेटस’ वाचा.