रंग ओळखणं वेगळं आणि रंगाचं नाव सांगणं वेगळं

माझी लेक दोन वर्षं आठ महिन्यांची होती तेव्हा प्लेग्रुपच्या डायरीत रिमार्क आला, "कलर्स येत नाहीत, घरी प्रॅक्टिस घ्या." त्याच संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते आणि ही खाली बसून चिमट्यांच्या टोपलीशी खेळत होती. थोड्या वेळाने बघते तर निळे चिमटे एका ओळीत, पिवळे दुसऱ्या ओळीत, हिरवे तिसऱ्या, आणि लाल एकच होता तो बाजूला एकटा ठेवलेला. एकही चुकला नव्हता. मी निळा उचलून विचारलं हा कोणता रंग गं, तर म्हणाली "लाल". पिवळा दाखवला, तरी "लाल".

मग हिला येत नाही ते नेमकं काय?

आपल्याकडे "रंग ओळखतो का?" हा एकच प्रश्न दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी विचारतात, आणि मला वाटतं सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एक म्हणजे डोळ्यांना फरक कळणं, हा चिमटा त्या चिमट्यासारखा आहे आणि त्या तिसऱ्यासारखा नाही एवढं समजणं. दुसरं म्हणजे त्या फरकाला सगळे जो शब्द वापरतात तो शब्द बरोबर वेळी तोंडात येणं. पहिली गोष्ट फार लवकर येते, साधारण चार-पाच महिन्यांच्या बाळाला रंग चांगले दिसायला लागतात. दुसरी यायला वर्षं लागतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मुलांच्या वाढीचे टप्पे दिलेत त्यात वस्तूंच्या काही रंगांची नावं सांगणं हे चार वर्षांच्या खाली लिहिलंय, आणि आपण पावणेतीन वर्षांच्या पोराकडून आख्खा रंगपेटीचा डबा मागतो.

हे आजचं पण नाहीये. चार्ल्स डार्विनने १८७७ मध्ये लिहून ठेवलंय की त्याच्या मुलांना नेहमीच्या वस्तूंची नावं यायला लागली होती तरी रंगांची नावं काही केल्या बरोबर सांगता येत नव्हती, आणि त्याला आधी वाटलं की ही मुलं रंगांध आहेत. तसं काही नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला खरंच धीर आला, आयुष्यभर बारीक निरीक्षण करणाऱ्या माणसाला जर असं वाटू शकतं तर आपल्याला वाटणारच.

नाव इतकं अवघड का जातं? तर "चमचा" म्हटलं की एक वस्तू हातात येते. "पिवळा" म्हटलं की काय हातात येणार, केळं पण पिवळं, हळद पण पिवळी, रिक्षाचं वरचं टप पण पिवळं, आणि त्या रिक्षाला आपण पिवळी म्हणतच नाही, रिक्षाच म्हणतो. त्यात आपली मराठी. पिवळा चिमटा, पिवळी पिशवी, पिवळं केळं, पिवळे फुगे, पिवळ्या डब्यात ठेव, एकाच रंगाचे पाच उच्चार त्या पोराच्या कानावर पडतात. लाल मात्र सगळीकडे लालच राहतो, म्हणून तर माझ्या लेकीच्या तोंडात आधी लाल बसला असावा असा माझा अंदाज आहे. त्यावर प्लेग्रुपमध्ये येलो, घरी पिवळा, आणि आजी साडी बघून आमसुली, अबोली, मोरपंखी म्हणणार! आजीला थांबवू नका, ते शब्द सोन्यासारखे आहेत, फक्त सुरुवातीला रोज एकाच माणसाने एकच शब्द वापरला तर मुलाला सोपं जातं. आमच्याकडे मी पिवळा म्हणायचं आणि शाळेत येलो, असं ठरवून टाकलं. दोन्ही शिकली.

आता एक तिसरीच गोष्ट असते जी या दोन्हींसारखी दिसते आणि आपल्याला फसवते, ती म्हणजे पाठांतर. "केळं?" "पिवळं!" "पान?" "हिरवं!" पाहुण्यांसमोर छान वाटतं. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या मंडईत भाजीसाठी कच्ची केळी होती, हिरवीगार, मी विचारलं केळं कसं आहे, तर ठामपणे "पिवळं". तिने केळ्याकडे बघितलंच नव्हतं, माझ्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर दिलं होतं. तेव्हापासून मी फळांवरून रंग शिकवणं बंद केलं, कारण सफरचंद आणि केळं यांत आकार, वास, चव सगळंच वेगळं असतं, मग त्यातला रंग वेगळा काढून बघायचं मुलाला कसं कळणार? चिमटे बरे. सगळे सारखे, फरक फक्त रंगाचा.

मारिया माँटेसरी या इटालियन शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या रंगपट्ट्यांमागे हेच तत्त्व आहे. पहिल्या पेटीत फक्त लाल, पिवळा, निळा, प्रत्येकाची जोडी. दुसऱ्या पेटीत अकरा जोड्या, आणि तिसऱ्यात नऊ रंगांच्या सात-सात छटा गडद ते फिक्या लावायच्या. हे विकत आणायची काहीच गरज नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाडीचं काम केलं (तेव्हा ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर वेगळा झाला २०१४ ला), तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शंख, खडे, बिया, पानं असं आजूबाजूचं सामान वापरलं. आपल्याकडे बाटल्यांची झाकणं आहेत, प्लास्टिकच्या बांगड्या आहेत, मोजे आहेत. मसूर, मूग, तूरडाळ पण रंगाला छान, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाला सुटे दाणे देऊ नका, नाकात घालतात, घशात जातात. छोट्या पारदर्शक बाटल्यांत भरून झाकण घट्ट चिकटवून द्या.

ओळखण्यासाठी काय करायचं, तर बोलायचंच नाही. जोड्या लावू द्या, लाल झाकणं लाल वाटीत, मोज्यांच्या जोड्या, धुतलेल्या कपड्यांना त्याच रंगाचा चिमटा. मध्ये मध्ये "हा कोणता?" विचारायचा मोह आवरा. तो प्रश्न म्हणजे परीक्षा आहे, त्याने शिकवलं काहीच जात नाही.

नावासाठी माँटेसरीने सेगँ या फ्रेंच डॉक्टरकडून घेतलेली तीन पायऱ्यांची पद्धत आहे, मला तरी तीच सगळ्यात उपयोगी पडली. दोनच रंग घ्यायचे, एकमेकांपासून लांबचे, लाल आणि निळा. आधी आपणच सांगायचं, हा लाल, हा निळा. मग "लाल दे", "निळा बाबांना नेऊन दे", "लाल चिमटा उशीखाली लपव", ही मधली पायरी दिवसेंदिवस खेळायची कारण इथे नाव कानावर पडतं पण मुलाला बोलावं लागत नाही. आणि अगदी शेवटी, तेही बरोबर येणार असं वाटलं तरच, "हा कोणता?" आपण बहुतेक जण पहिली पायरी एकदा करतो आणि थेट तिसरीवर उडी मारतो, मधली राहूनच जाते. चुकलं तर "नाही, नाही" करायचं नाही, परत पहिल्या पायरीवर यायचं, बास.

अजून एक बारीकशी गोष्ट. स्टॅनफर्ड विद्यापीठात दोनेक वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाला होता, त्यात वस्तू आधी आणि रंग नंतर सांगितला तर मुलांना रंगाचे शब्द जास्त चांगले समजले. म्हणजे "लाल फुगा बघ" च्या ऐवजी "फुगा बघ, लाल आहे". आधी नजर फुग्यावर जाते, मग रंगावर. मराठीत हे बोलायला जडही जात नाही.

नवरात्र तर यासाठी बनवल्यासारखंच आहे, नऊ दिवस रोज एक रंग. सकाळी ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर बघा, बायकांची रांगच्या रांग एका रंगात. मागच्या वर्षी मी लेकीला रोज त्या दिवसाच्या रंगाची एक वस्तू घरातून शोधून आणायला सांगायचे आणि आम्ही ती खिडकीत ठेवायचो. एक रंग आख्खा दिवस कानावर आणि डोळ्यांवर, दुसरा मध्ये येतच नाही.

आता हे नीट वाचा. नाव चुकतंय पण जोडी बरोबर लागते, तर थांबा, वेळ द्या. पण मूल तीन-साडेतीनचं झालं तरी जोडीच चुकते, लाल झाकण हिरव्या किंवा तपकिरी वाटीत जातं, आणि परत परत तेच दोन रंग एकत्र येतात, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लाल-हिरव्याची रंगांधता सगळ्यात जास्त आढळते, आणि तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला असते. आईच्या वडिलांना किंवा भावाला असेल तर मुलग्याकडे जास्त लक्ष ठेवा. ठिपक्यांमधला आकडा वाचायची इशिहाराची टेस्ट प्रसिद्ध आहे, पण आकडे न येणाऱ्या छोट्यांसाठी आकारांच्या किंवा बोटाने रेघ गिरवायच्या टेस्ट असतात, त्यामुळे मोठं होईपर्यंत थांबायची गरज नाही. शाळेत खडू, नकाशे, रंगीत तक्ते सगळं रंगावर चालतं, बाईंना आधी माहीत असलं तर पोराला उगाच ओरडा बसत नाही.

लेक आता साडेतीनची आहे. लाल, पिवळा, काळा, गुलाबी पक्के. हिरवा-निळा अजून अदलाबदल होतात, पण काल चिमटे लावताना तिने स्वतःहून एक उचलला, बराच वेळ बघितला, आणि मला म्हणाली, "आई, हा आकाशाचा आहे." मी म्हटलं हो, आकाशाचा, आकाशी.