कोरस तरंग

कोरस तरंग : पृथ्वीच्या चुंबकांबरात (तिच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल असलेल्या अवकाशात), चुंबकीय विषुववृत्ताच्या पातळीलगत निर्माण होणारे शीळ-तरंगांच्या (व्हिसलर) जातीचे विद्युत् चुंबकीय प्लाझ्मा तरंग; प्लाझ्मा म्हणजे विद्युत् भारित कणांचा वायू. त्यांची कंप्रता काही शे हर्ट्झ ते काही किलोहर्ट्झ, म्हणजे श्राव्य ध्वनीच्याच पट्ट्यात असते. ॲंटेनाचा संकेत ध्वनिवर्धकाला जोडला, तर पहाटे वाडीत पाखरे जागी व्हावीत तसा किलबिलाट ऐकू येतो. नाव त्यावरूनच पडले. प्रत्येक ‘चिवचिव’ सेकंदाच्या काही दशांशांत खालच्या स्वरावरून वर चढते. विजेपासून निघालेल्या शीळ-तरंगात स्वर याउलट उतरता असतो, कारण प्लाझ्मातून वरच्या कंप्रता आधी पोचतात (स्टोरी, १९५३).

इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषेभोवती मळसूत्री फिरतो. समोरून येणारा तरंग त्याला वाढीव कंप्रतेचा भासतो. ही कंप्रता त्याच्या फिरण्याच्या कंप्रतेशी जुळली की अनुस्पंदन (रेझोनन्स) होते. काही दशक किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन ऊर्जा देऊन तरंग वाढवतात. तोच तरंग अधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना वेग देऊन बाह्य व्हॅन ॲलन पट्ट्यात (पृथ्वीला वेढणाऱ्या, वेगवान भारित कणांच्या पट्ट्यात) त्यांची ऊर्जा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांपलीकडे नेतो आणि काहींची दिशा बदलून त्यांना वातावरणात सांडतो. एकच तरंग पट्टा भरतो आणि रिताही करतो. या विषयाची खरी गोडी, आणि खरी अडचणही, इथेच आहे.

स्वर चढतो कसा, हा जुना वाद आहे. केनेल व पेट्शेक (१९६६) यांचा रेषीय सिद्धांत तरंगाची वाढ सांगतो, चढ सांगत नाही. हेलिवेल (१९६७) यांनी अनुस्पंदनाची जागा बलरेषेवर सरकते असे मानले. ओमुरा व सहकारी तरंगाने अडकवलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे वेग-अवकाशात (इलेक्ट्रॉनांच्या वेगांच्या मांडणीत) पडणाऱ्या ‘भोका’तून चढ काढतात, संगणकीय प्रारूपांशी अधिक जुळते ते हेच मत. मात्र इलेक्ट्रॉनाच्या फिरण्याच्या कंप्रतेच्या निम्म्यापाशी कोरसमध्ये जी फट दिसते, तिचा उलगडा या मतातूनही सर्वमान्य झालेला नाही. आतल्या प्लाझ्मांबरातील (पृथ्वीलगतच्या दाट, थंड प्लाझ्माच्या भागातील) ‘हिस्’ (सुसकारा) हा तरंग कोरसमधूनच जन्मतो, असे बॉर्टनिक व सहकारी (२००८) यांनी दाखवले. परंतु २०१२ साली सुटलेल्या व्हॅन ॲलन उपग्रहांच्या नोंदींत आत शिरण्याजोग्या दिशेचा कोरस थोडाच आढळतो, तेव्हा त्याला एकमेव उगम न मानता सहभागी मानणे सुरक्षित.

कोकण किनारा : चुंबकीय वेधशाळा असलेल्या अलिबागेतून जाणारी बलरेषा जेमतेम २०० किमी. उंच चढते, म्हणजे आयनांबरातच (वातावरणाच्या वरच्या, भारित थरातच) राहते. कोरसचे क्षेत्र पृथ्वीच्या चार-पाच त्रिज्या आणि त्यापलीकडचे. वळवाच्या किंवा परतीच्या पावसातली वीज किनाऱ्यावर रेडिओची खरखर भरपूर देते, परंतु भारतातील शीळ-तरंगांच्या प्रमुख नोंदी उत्तरेकडच्या, गुलमर्ग, नैनिताल व वाराणसी येथील आहेत. अलिबागेत दिसतो तो कोरसला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या चुंबकीय वादळाचा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील मोठ्या खळबळीचा) माग.

कुलाब्याच्या वेधशाळेला विजेच्या ट्रामचा उपद्रव होणार हे ओळखून १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवली गेली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे जोडीने चालली. तेथील इमारत पारखून घेतलेल्या पोरबंदरी दगडाची असून लोखंडाच्या जागी तांबे व पितळ आहे. जुन्या पद्धतीत टांगलेल्या चुंबकावर आरसा असे, आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या छायाचित्रण-कागदावर रेघ ओढी. वादळात ती रेघ खाली घसरे. हल्ली हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्थानाकडे (स्थापना १९७१, नवीन पनवेल) आहे. येथील जी. एस. लखिना यांनी त्सुरुतानी यांच्यासह तरंग-कण आंतरक्रियेवर केलेले विवेचन (१९९७) आजही अभ्यासकांना उपयोगी पडते.

अशाच एका मोठ्या चुंबकीय वादळात, २ सप्टेंबर १८५९ रोजी, कुलाब्यात पृथ्वीचे क्षैतिज (आडवे) चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरले. त्सुरुतानी, लखिना व सहकारी (२००३) यांनी त्या वादळाची तीव्रता −१,७६० नॅनोटेस्ला ठरवली. तासाची सरासरी घेणारे अभ्यासक ती सुमारे −८५० मानतात. इतक्या अल्पकाळाच्या घसरणीत वलयप्रवाहाखेरीज (पृथ्वीभोवती फिरणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहाखेरीज) अन्य प्रवाहांचा वाटा असावा, असे दिसते.