घरगुती राउटरवरील ध्वनिप्रवाह आणि त्यातील दोषशोधन

घरच्या संगणकावर साठवलेली गाणी किंवा इंटरनेटवरील रेडिओ राउटरच्या वायफायवरून मोबाइलवर अथवा टॅबलेटवर ऐकणे, म्हणजे घरगुती ध्वनिप्रवाह. पूर्ण फाइल आधी उतरवून न घेता तिचे लहान लहान तुकडे जसे येतील तसे वाजवत जायचे, हे त्याचे मूळ तत्त्व आहे. हा प्रवाह अडखळला, मध्येच तुटला किंवा सुरूच झाला नाही, तर बिघाड नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवण्याच्या पद्धतीला दोषशोधन म्हणतात. गाणे अडकले की बहुतेक घरांत पहिला ठपका नेटच्या स्पीडवर येतो आणि महागडा प्लॅन घेतला जातो. आवाजाच्या बाबतीत हे निदान बहुधा चुकीचे ठरते.

आवाजाला लागणारा वेग मुळात फार थोडा असतो. एमपी३ फाइलचा दर सहसा सेकंदाला १२८ ते ३२० किलोबिट असतो. सीडीवरचा ध्वनी जसाच्या तसा पाठवायचा म्हटले, तरी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन, या हिशेबाने सुमारे १,४११ किलोबिट पुरतात. सेकंदाला ४० मेगाबिटांची जोडणी असलेल्या घरात ही मागणी किरकोळ आहे. खरी अडचण वेळेची असते. प्लेअर पुढच्या काही सेकंदांचा ध्वनी आधीच साठवून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. ३२० किलोबिट दराने ५ सेकंदांचा साठा म्हणजे जेमतेम २०० किलोबाइट. गच्चीवरची टाकी भरलेली असली की नळाचे पाणी थोडा वेळ गेले तरी घरात कळत नाही, तसेच बफरचे आहे. टाकी रिकामी होईपर्यंत पुढचे तुकडे पोचले नाहीत, तरच गाणे थांबते आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागते. स्पीड टेस्ट सरासरी वेग सांगते, तुकडे वेळेवर आले की नाही हे सांगत नाही. म्हणून तिच्यात मोठा आकडा दिसूनही गाणे अडकू शकते.

शोधाची सुरुवात साखळी मधोमध तोडून करावी. ध्वनी संगणकातून निघतो, राउटरवर येतो, वायफायने मोबाइलमध्ये शिरतो आणि पुष्कळदा तिथून ब्लूटूथने कानातल्या इअरबडपर्यंत जातो. तीच फाइल मोबाइलमध्ये उतरवून वाजवली आणि तरीही आवाज तुटला, तर राउटर निर्दोष आहे. मग वायरचा इअरफोन लावून पाहावे. ब्लूटूथ आणि वायफायचा जुना पट्टा दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्याच परिसरात चालतात, आणि मोबाइलमध्ये दोन्हींना शेजारी शेजारी बसून काम करावे लागते. वायर लावताच तुटणे थांबले, तर मोबाइलचे वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेल्याने पुष्कळदा प्रश्न सुटतो. दुसरी साधी कसोटी म्हणजे संगणक केबलने राउटरला जोडणे. लॅपटॉपही वायफायवरच असेल, तर प्रत्येक तुकडा आधी लॅपटॉपकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून मोबाइलकडे, असा दोनदा हवेतून जातो, आणि हवेतली जागा सर्वांची सामाईक असते.

हवेतला टप्पा तपासण्यासाठी पिंग, म्हणजे छोटासा संदेश पाठवून त्याचे उत्तर किती वेळात येते ते मोजणे, हे सर्वांत स्वस्त साधन आहे. नेटवर्क तपासणीच्या एखाद्या ॲपमधून मोबाइलवरून राउटरच्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर, शंभर पिंग पाठवावेत. उत्तरे ३, ४, ३, ६ अशी एकआकडी मिलिसेकंदांत येत राहिली, तर टप्पा ठीक आहे. अशीच येता येता मध्येच ४००, ९०० आणि नंतर दोन-तीन उत्तरे गायब झाली, तर बफर कशाने रिकामा होतो हे डोळ्यांसमोर दिसते. हीच तपासणी उलट दिशेने, संगणकावरून मोबाइलकडे केली, तर मात्र आकडे फसवे निघतात. बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइलचा वायफाय भाग डुलकी घेत असतो आणि राउटरचा बीकन, म्हणजे ठरावीक वेळाने सोडलेला इशारा, येण्याच्या वेळी जागा होऊन आपल्यासाठी काही आहे का ते पाहतो. बीकन साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. त्यामुळे निष्क्रिय मोबाइलने शंभर-दोनशे मिलिसेकंदांनी उत्तर देणे हा दोष नव्हे. या आकड्यांना घाबरून नवा राउटर घेऊ नये.

पिंग खरोखरच भरकटत असतील, तर आधी सिग्नल पाहावा. तो उणे डेसिबल-मिलिवॉटमध्ये मोजतात: उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत प्रवाहाला पुरेसा, उणे ८० च्या खाली भरवसा नाही. जाड विटांची किंवा दगडी भिंत आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब सिग्नल बराच खातात, आणि ५ गिगाहर्ट्झचा तर २.४ पेक्षा अधिक. उलट २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे नेहमीच्या वापरातले चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच असल्याने, दाट वस्तीच्या इमारतीत शेजारच्या दहा-पंधरा राउटरांची गर्दी त्यांतच होते. मायक्रोवेव्ह ओव्हनही २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. स्वयंपाकघरात दूध गरम करताना गाणे तुटते आणि ओव्हन बंद होताच सुरळीत होते, असे दिसले तर पुढे काही शोधायचे उरत नाही. घरातले एखादे जुने किंवा फार लांब ठेवलेले उपकरणही सर्वांना अडवते. १,५०० बाइटांची एक चौकट, म्हणजे एका वेळी हवेतून जाणारा माहितीचा तुकडा, सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाने पाव मिलिसेकंदाहून कमी वेळात हवेतून जाते. तीच १ मेगाबिट वेगाने जायला १२ मिलिसेकंद घेते आणि तेवढा वेळ बाकी सर्वांना थांबावे लागते.

आवाज तुटत नाही, पण मोबाइलच्या ॲपमध्ये घरचा सर्व्हरच, म्हणजे गाणी पुरवणारा संगणकच, दिसत नाही, ही तक्रार वेगळ्या जातीची आहे. डीएलएनए (घरातल्या उपकरणांत गाणी-व्हिडिओ वाटण्याची ठरलेली रीत) पद्धतीची ॲप २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, पोर्ट १९०० वर, घरभर हाक देतात आणि सर्व्हर तिला ओ देतो. ही हाक फक्त आपल्याच जाळ्यात ऐकू जाते. भारतात फायबर कंपनीचा डबा एक आणि घरमालकाने विकत आणलेला राउटर दुसरा, अशी जोडी पुष्कळ घरांत असते. मोबाइल एकाच्या वायफायवर आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या, अशी फाळणी झाली की दोघांचेही इंटरनेट उत्तम चालते, पण ते एकमेकांना सापडत नाहीत. दोन्ही उपकरणांचे पत्ते शेजारी लिहून पाहावेत: एक १९२.१६८.१.५ आणि दुसरा १९२.१६८.०.७ असेल, तर घोळ तिथेच आहे. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळे जाळे न करता फक्त वायफाय पुरवण्यासाठी, लावला की जाळे एक होते. पत्ते एकाच गटातले असूनही सर्व्हर दिसत नसेल, तर मोबाइल पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर आहे का, राउटरमध्ये एपी आयसोलेशन (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी सोय) चालू आहे का आणि मोबाइलवर व्हीपीएन (सगळी ये-जा दुसऱ्या जाळ्यातून वळवणारी बंद जोडणी) चालू आहे का, हे पाहावे. विंडोजने घरचे वायफाय ‘पब्लिक’ धरले असेल, तर त्याचा फायरवॉल बाहेरची हाक आत येऊ देत नाही. आयफोनवर आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि पहिल्याच वेळी घाईत नकार दिलेला असतो. सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवणे शहाणपणाचे, कारण काही दिवसांनी पत्ता बदलला की काल चालणारी जोडणी आज अकारण बंद पडल्यासारखी वाटते.

पडदा बंद केल्यावर काही मिनिटांनीच गाणे थांबत असेल, तर दोष मोबाइलच्या बॅटरी-बचतीत आहे. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून ‘डोझ’ ही पडद्यामागच्या ॲपना झोपवणारी सोय आली, आणि काही उत्पादक त्यावर आपले आणखी कडक नियम लादतात. त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे.

इंटरनेटवरील रेडिओ अडकतो पण घरच्या संगणकावरची गाणी सुरळीत वाजतात, असे असेल तर शोध राउटरच्या पलीकडे वळतो. घरातला दुसरा मोबाइल लग्नाचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवत असला, की राउटरमध्ये जाणाऱ्या पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या तुकड्यांची, लांबलचक रांग लागते; पॅकेट हरवत नाहीत, पण एरवी १५ मिलिसेकंदांत येणारे उत्तर अर्ध्या सेकंदाने येते. याला बफरब्लोट म्हणतात. रांगेतली वाट पाहणे मोजून तिला आवर घालणारी कोडेल ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. ती किंवा तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल राउटरमध्ये असेल, तर अवश्य चालू करावी. थेट प्रक्षेपण रेडिओ संचापेक्षा मागे पडणे मात्र बिघाड नव्हे. एचएलएस या इंटरनेट प्रक्षेपणाच्या पद्धतीत ध्वनी सुमारे ६ सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्लेअर ताज्या टोकापासून निदान तीन तुकडे मागे राहतो. म्हणून संचावर विकेट पडल्याचा गलका ऐकू येतो, त्यानंतर वीसेक सेकंदांनी तो मोबाइलवर येतो.

घराबाहेरून, म्हणजे कार्यालयातून वा परगावाहून, घरच्या सर्व्हरवरची गाणी ऐकायची असतील, तर राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती घरातल्या ठरावीक संगणकाकडे वळवणे) कितीही नीट केले तरी बाहेरची विनंती घरापर्यंत पोचत नाही. तिथे आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत), सेवादात्याकडून मागून घेतलेला स्थिर पत्ता, किंवा घरून स्वतः बाहेर जोडणी उघडणारे व्हीपीएन, यांपैकी एक मार्ग धरावा लागतो.