राजदूत ३५० : ब्रेक व सस्पेन्शनची सुधारणा

राजदूत ३५० या दुहेरी सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलची थांबण्याची व रस्ता धरण्याची क्षमता वाढवण्यासाठी तिचे मूळ भाग नव्याने जुळवणे किंवा त्यांच्या जागी नंतरच्या गाड्यांचे भाग बसवणे. यामाहा आरडी ३५० (१९७३) ची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्‌सने १९८३ पासून बनवली. उत्पादन थांबल्याची वर्षे १९८९ ते १९९१ अशी निरनिराळी दिली जातात. आधी उत्पादन थांबले आणि उरलेल्या गाड्यांची विक्री पुढे चालू राहिली, असे मानल्यास हा फरक बहुधा मिटतो.

जपानी गाडीला पुढे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) डिस्क ब्रेक होता. भारतीय गाडीला त्याच्याऐवजी सु. १८० मिमी. व्यासाचा, ‘ट्विन लीडिंग शू’ प्रकारचा ड्रम (ज्यात ‘शू’ हे वक्र तुकडे फिरत्या ड्रमला आतून दाबले जातात) मिळाला. खर्च वाचवणे हे त्याचे कारण सर्वसाधारणपणे मान्य आहे. ड्रमच्या कुळाबद्दल मात्र मतभेद आहेत. तो येझ्दी रोडकिंग या दुसऱ्या मोटारसायकलवरून घेतला, असे शौकिनांत सांगितले जाते. तथापि आरडीच्या आधीच्या यामाहा आर५ वर (१९७०) याच प्रकारचा ड्रम होता, हे पाहता उगम घराबाहेर शोधण्याचे फारसे कारण दिसत नाही.

या ड्रममध्ये प्रत्येक शूला स्वतंत्र कॅम (वळल्यावर शू ड्रमवर दाबणारा भाग) असतो आणि फिरता ड्रम दोन्ही शूंना आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे पुढे जाताना पकड चांगली मिळते, पण चढावर गाडी मागे घरंगळू लागली की ती घटते. दोन्ही कॅमचे दांडे बाहेरून एका सळईने जोडलेले असतात. सळईची लांबी चुकली तर एकच शू आधी टेकतो आणि दुसरा जवळजवळ निकामी राहतो. या ब्रेकच्या दुर्लौकिकाचा बराच भाग इथून येतो. ड्रम खरडून गोल करणे, नवे लायनर (शूवरचा घासणारा थर) त्याच्या वक्रतेला घासून बसवणे व सळई जुळवणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. डिस्कचा विचार त्यानंतर करावा. लांब उतारावर तापून ब्रेक क्षीण होणे हा दोष मात्र ड्रमबरोबर राहतोच.

डिस्क बसवताना मुख्य अडचण फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) येते. ड्रमसाठीच्या फोर्कच्या नळीवर कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) बसवण्याचे कान नसतात. म्हणून बहुधा दुसऱ्या गाडीचा फोर्क चाकासह घेतात. मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, तेलावर दाब देणारा सिलिंडर) व कॅलिपर यांचे प्रमाण त्याहून दुर्लक्षित राहते. ३० मिमी.चे दोन पिस्टन असलेल्या सरकत्या कॅलिपरला १२.७ मिमी.चा मास्टर सिलिंडर जोडल्यास क्षेत्रफळांचे गुणोत्तर सु. ११ येते, १५.९ मिमी.चा जोडल्यास सु. ७. दुसऱ्या जोडणीत लिव्हर कडक लागते, आणि ‘टणक ब्रेक’ म्हणून तिचीच वाखाणणी होते. प्रत्यक्षात त्याच दाबाला पकड कमी मिळते.

सस्पेन्शन ब्रेकबरोबरच पाहावे लागते. पुढचा ब्रेक जोरकस झाला की गाडीचे नाक अधिक दबते. जुन्या, बसलेल्या स्प्रिंगा तळाला टेकतात. अधिक घट्ट फोर्क ऑइल घातल्याने अवमंदन (स्प्रिंगेची हालचाल मंद करण्याची क्रिया) वाढते, स्प्रिंगेचा कडकपणा वाढत नाही. गॅरेजमध्ये या दोहोंची सर्रास गल्लत होते. बदललेला फोर्क मूळच्यापेक्षा आखूड असल्यास ट्रेल (स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो तो बिंदू व चाक टेकते तो बिंदू यांतील अंतर) कमी होतो: गाडी चटकन वळते, पण वेगात अस्थिर होते. मागे गॅस भरलेले शॉकॲब्सॉर्बर बसवतात. त्याआधी स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या भागाचे) झिजलेले बुश बदलणे गरजेचे असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. मूळ मापाचे सुटे भाग बदलणे यात मोडत नाही. दुसऱ्या गाडीचा फोर्क बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट.