७-५ वाली टीम ९-३ वालीपेक्षा भारी कशी?

ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्लोरिडा युनिव्हर्सिटीने फुटबॉल कोच बिली नेपियरला नारळ दिला (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, लांबुडक्या बॉलचं). आदल्याच दिवशी टीम जिंकली होती बरं का! लगेच सुरू झालं, माणूसच पनौती आहे. पनौती वगैरे काही नसतं हो, आधी समोर कोण होतं ते बघा.

२०२४ च्या नोव्हेंबरात लागोपाठ चार शनिवार तगड्या टीम समोर: जॉर्जिया, टेक्सास, एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि ओल मिस (मिसिसिपी युनिव्हर्सिटी). मेन क्वार्टरबॅक (बॉल फेकून हल्ला चालवणारा) मर्ट्झचा गुडघा ऑक्टोबरातच गेलेला, मग त्याच्या जागी आलेल्या लॅगवेची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जॉर्जियासमोर दुखावली, ती काय सात दिवसांत भरते थोडीच, त्यामुळे टेक्साससमोर तिसराच पोरगा उतरवला आणि ४९-१७ असा मार खाल्ला. पुढच्या दोन मात्र लॅगवे परत आल्यावर जिंकल्या. बारा मॅचनंतर हिशोब ७-५, म्हणजे सात जिंकल्या, पाच हरल्या.

आता माझा आवडता भाग. वेस्ली कॉली नावाच्या खगोलभौतिकीवाल्याने रेटिंगची, म्हणजे टीम किती भारी ते एका आकड्यात सांगायची, एक पद्धत काढली, २०१३ पर्यंत नॅशनल टायटलची मॅच कोण खेळणार हे ठरवताना तीही धरायचे. जिंकलेल्यातून हरलेल्या वजा करा, त्याचं निम्मं घ्या, त्यात सगळ्या प्रतिस्पर्ध्यांची रेटिंग मिळवा, वर १ मिळवा आणि एकूण मॅच अधिक २ ने भागा. हे १ आणि २ कशाला? नाहीतर एकच मॅच खेळून जिंकलेली टीम थेट १०० टक्के होईल, आणि एकही न खेळलेल्या टीमला शून्य भागिले शून्य! आता ती न खेळलेली टीम सरळ अर्ध्यावर सुरू होते.

समजा ७-५ वाल्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.७ आहे. १ अधिक ८.४ अधिक १, म्हणजे १०.४ भागिले १४, उत्तर ०.७४. आणि ९-३ वाले ०.५ वाल्यांशी खेळले, तर ३ अधिक ६ अधिक १, भागिले १४, फक्त ०.७१. दोन मॅच जास्त जिंकूनही मागे!

पण प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग आणायचं कुठून? ते त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर, त्यांचं पुन्हा त्यांच्या, आणि फिरून आपल्यावरच. म्हणजे २०२४ च्या वरच्या गटातल्या १३४ टीम, १३४ अज्ञातं, १३४ समीकरणं, शाळेतली एकसामायिक समीकरणंच पण राक्षसी. सगळ्यांना ०.५ देऊन सुरुवात करा, आलेली उत्तरं परत आत घाला, पुन्हा घाला, आकडे हळूहळू हलायचे थांबतात. का थांबतात ते मॅट्रिक्सवाल्यांना विचारा, मी सुरू झालो तर तुम्ही पळाल.

असो, परत नेपियरकडे. युनिव्हर्सिटीने २०२४ मध्ये त्याला कोच म्हणून कायम ठेवलं होतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच, टेक्सासचा मार खायच्या आधी. पुढच्या वर्षीही एलएसयू, मायामी, टेक्सास, टेक्सास ए अँड एम असा घाट होताच, त्यात टेक्सासला हरवलंही. पण त्याआधी सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर साउथ फ्लोरिडाकडून १८-१६ ने हरले, आणि ती मॅच काही कोणी अवघड म्हणून धरलेली नव्हती.